कठीण म्हणजे किती कठीण?

सदर : व्यवहार आणि विज्ञान



आमच्या आजोबांचे कोल्हापुरास गुळाचे अडत दुकान होते. सौद्याच्या दिवशी गुळाचे रवे ओळीने मांडलेले असत आणि आजोबा एकेका रव्यापाशी थांबून त्यावर उजव्या हाताचा अंगठा दाबीत. अंगठा उचलल्यावर उमटलेली खूण क्षणभर निरखीत आणि पुढे जात. खूण जेमतेम उमटली तर गूळ कडक, पावसाळ्यात टिकणारा. अंगठा आत रुतला तर गूळ मऊ, लवकर पाझरणारा. या एका कृतीवर भाव ठरे आणि त्यांच्या अंगठ्याविषयी बाजारात कोणी शंका घेत नसे. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांच्यामागून जाऊन तसाच अंगठा दाबून पाहिला. मला सारेच रवे सारखे कडक वाटले. आजोबा हसून म्हणाले, "बाळ, गूळ तोच आहे, अंगठा वेगळा आहे."

पुढे महाविद्यालयात धातुशास्त्र शिकताना हे वाक्य मला अनेकदा आठवले. पदार्थांची कठिनता मोजण्याचा गेल्या दोनशे वर्षांतील इतिहास म्हणजे या वेगवेगळ्या अंगठ्यांच्या अडचणीवर शोधलेला उपाय होय.

व्यापारी माणसाला ही परीक्षा नवी नाही. धान्याचा व्यापारी ज्वारीचा दाणा दाताखाली धरून फोडतो आणि त्यावरून दाणा वाळला की नाही हे सांगतो. घर बांधणारा विटेवर नख ओढून पाहतो. पक्क्या भाजलेल्या विटेवर नखाची खूण उमटत नाही. अंगठा, दात, नख ही साधने निराळी. परंतु कृती एकच. ठाऊक असलेली वस्तू ठाऊक नसलेल्या वस्तूवर दाबायची आणि खूण किती उमटते ते पाहायचे. आपल्या पृष्ठभागात शिरू पाहणाऱ्या दुसऱ्या वस्तूला एखादा पदार्थ जो विरोध करतो, त्यालाच शास्त्रात त्या पदार्थाची कठिनता म्हणतात. कारखान्यांतून याच गुणाला 'हार्डनेस' हा शब्द रूढ आहे.

हा विषय या लेखांकासाठी निवडण्याचे कारण मात्र गुळाच्या बाजारातले नाही. ते एका तुटू पाहणाऱ्या व्यवहारातले आहे.

दोन आकडे, एक माल

माझ्या परिचयातील एक वडीलधारे गृहस्थ इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचा व्यापार करतात. त्यांना सारे 'अण्णा' म्हणतात. कोल्हापुरातील एका लहान कारखान्याकडून ते गेली तीस वर्षे माल घेत आले आहेत. कारखान्याचे संस्थापक आता नाहीत; त्यांचा मुलगा काम पाहतो. एके वर्षी अण्णांनी दोन हजार पोलादी पिनांची मागणी नोंदविली. नकाशावर लिहिले होते : पृष्ठभागाची कठिनता ५८ ते ६२ एचआरसी, कठीण थराची जाडी ०.३ मिलीमीटर.

माल आला, सोबत चाचणीचे प्रमाणपत्र आले. त्यावर कठिनता ६० अशी नोंद होती. अण्णांच्या ग्राहकाने आपल्याकडील यंत्रावर चार पिना तपासल्या. आकडे आले ४७, ४९, ४६ आणि ४८. ग्राहकाने माल परत घेऊन जाण्यास सांगितले. अण्णांनी कारखान्याचे पैसे थांबविले. मुलाने पुन्हा तपासणी करवून घेतली. उत्तर पुन्हा ६०. मग फोनवर शब्दाला शब्द वाढला. "तुमच्या वडिलांच्या वेळी असे कधी झाले नव्हते," हे अण्णांचे वाक्य त्या मुलाच्या मनाला फार लागले. तीस वर्षांचे खाते बंद होण्याच्या बेताला आले.

दोघेही मला चांगले ठाऊक होते. खोटा आकडा लिहिणारा तो मुलगा नव्हे आणि पैसे अडविण्यासाठी निमित्त शोधणारे अण्णाही नव्हेत. मग एकाच पिनेचे दोन आकडे कसे? हे समजण्यासाठी आपल्याला हा आकडा कसा जन्माला येतो ते पाहावे लागेल.

ओरखड्यापासून खळग्यापर्यंत

कठिनतेला क्रम लावण्याचा प्रसिद्ध प्रयत्न जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली केला. त्यांनी दहा खनिजे निवडली आणि कोण कोणावर ओरखडा काढतो यावरून त्यांची पायरी ठरविली. पहिल्या पायरीवर शंखजिरे, जे नखानेही खरवडते. सातव्या पायरीवर गारगोटी, आठवीवर पुष्कराज, नववीवर कुरुविंद (माणिक आणि नीलम ही त्याचीच रूपे) आणि दहावीवर हिरा. रत्नांचा व्यवसाय करणाऱ्यांना ही श्रेणी आजही तोंडपाठ असते.

परंतु ही श्रेणी क्रम सांगते, अंतर सांगत नाही. वर्गात पहिला आणि दुसरा क्रमांक कोणाचा हे कळले, तरी दोघांच्या गुणांत किती फरक आहे ते कळत नाही, तसेच हे. नऊ आणि दहा हे आकडे शेजारी दिसतात. प्रत्यक्षात हिरा कुरुविंदापेक्षा कितीतरी पट कठीण आहे. ज्याला पोलादाच्या दोन तुकड्यांतील थोडासा फरक जाणायचा आहे, त्याला हा मार्ग पुरेसा नव्हता.

तो मार्ग स्वीडनमधील फागेर्स्टा येथील लोखंड-पोलादाच्या कारखान्यात काम करणारे अभियंते योहान आउगुस्ट ब्रिनेल यांनी काढला आणि १९०० साली जगापुढे मांडला. त्यांची कल्पना आजोबांच्या अंगठ्याइतकीच साधी होती. १० मिलीमीटर व्यासाची कठीण पोलादी गोळी घ्यायची, ती धातूच्या सपाट पृष्ठभागावर ३००० किलो भाराने काही सेकंद दाबायची, गोळी उचलायची आणि उमटलेल्या वाटोळ्या खळग्याचा व्यास सूक्ष्मदर्शकाने मोजायचा. एकूण भाराला खळग्याच्या वक्र क्षेत्रफळाने भागले की ब्रिनेल अंक मिळतो. खळग्याचा व्यास ४ मिलीमीटर भरला तर अंक २२९ येतो. ५ मिलीमीटर भरला तर १४३. खळगा मोठा, धातू मऊ. खळगा लहान, धातू कठीण.

ब्रिनेल यांनी केलेली मोठी गोष्ट ही की, त्यांनी साऱ्या जगाला एकच अंगठा दिला. गोळी ठरलेली, भार ठरलेला, वेळ ठरलेला. आता स्वीडनमध्ये मोजलेला आकडा कोल्हापुरातही पडताळता येऊ लागला. आजही बिडाच्या ओतकामासाठी ही पद्धत विशेष उपयुक्त मानली जाते. बिडाच्या पोटात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात. लहान टोक दाबले तर ते कधी पापुद्र्यावर पडेल, कधी धातूच्या कणावर; आकडा दर वेळी निराळा येईल. मोठ्या गोळीचा खळगा या सगळ्यांना सामावून घेतो आणि सरासरी सांगतो. कोल्हापूर परिसरातील शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतून वाहनांचे सुटे भाग ओतणाऱ्या अनेक फाउंड्री आहेत. असल्या ओतकामाच्या अंगावर घासून सपाट केलेल्या जागी एक वाटोळा खळगा दिसला, तर ती बहुधा ब्रिनेलची खूण समजावी.

वेळेचा हिशेब

या पद्धतीच्या दोन अडचणी होत्या. एक तर खळगा मोठा, त्यामुळे तयार वस्तू विद्रूप होई. आणि सूक्ष्मदर्शकाने व्यास मोजण्यात वेळ जाई. दुसरे म्हणजे पाणी दिलेल्या अतिकठीण पोलादावर पोलादी गोळी स्वतःच चपटी होई. मोजणारा अंगठाच चेपला, तर मोजणी कसली? म्हणून आता पोलादी गोळीऐवजी टंगस्टन कार्बाइडची गोळी वापरतात.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ब्रिस्टल या गावी बॉल बेअरिंग बनविणारा एक कारखाना होता. बेअरिंगच्या कड्यांना दिलेले पाणी नीट बसले की नाही हे तेथे झटपट आणि मोठा डाग न पाडता तपासावयाचे होते. ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी (आडनाव एक असले तरी हे सख्खे भाऊ नव्हेत) १९१४ साली एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९१९ साली मंजूर झाले. त्यांनी खळग्याची रुंदी मोजण्याऐवजी खोली मोजली. प्रथम १० किलोचा हलका भार देऊन टोक पृष्ठभागावर नीट बसवायचे आणि तेथून मोजणी सुरू करायची. मग भार वाढवून एकूण १५० किलो करायचा. नंतर वाढीव भार काढून पुन्हा १० किलोवर यायचे आणि टोक कायमचे किती आत उतरले ते तबकडीवर वाचायचे. सूक्ष्मदर्शक नको, गणित नको. एका वस्तूला काही सेकंद पुरतात.

कठीण पोलादासाठीच्या या मापाला 'सी' हे अक्षर आहे. त्यासाठी १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू वापरतात. टोक जितके ०.००२ मिलीमीटर उतरेल तितका एक गुण शंभरातून वजा होतो. अर्थात ६० हा आकडा आला, तर टोक ४० गुणिले ०.००२, म्हणजे ०.०८ मिलीमीटर आत गेले. ही खोली वाचकांनी लक्षात ठेवावी. अण्णांच्या पिनांचे कोडे तिच्यातच दडले आहे. मऊ धातूंसाठी 'बी' हे निराळे माप आहे. त्यात १०० किलो भार आणि एक सोळांश इंचाची गोळी असते. बी-मापावरचे ६० म्हणजे पितळेसारखा मऊ धातू. सी-मापावरचे ६० म्हणजे कानशीसारखे पोलाद. केवळ "हार्डनेस साठ" असे तोंडी सांगणाऱ्याने काहीच सांगितलेले नसते.

हिऱ्याचा पिरॅमिड

तिसरी पद्धत इंग्लंडची. व्हिकर्स या कारखान्यातील स्मिथ आणि सँडलँड या दोघांनी १९२२ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी टोकासाठी हिऱ्याचा चौरस पायाचा पिरॅमिड घेतला. त्याच्या समोरासमोरील पृष्ठांमधील कोन १३६ अंशांचा. हा कोन त्यांनी ब्रिनेलच्या गोळीच्या आदर्श खळग्याशी जुळेल असा निवडला, म्हणून मध्यम कठिनतेच्या धातूंपर्यंत दोन्ही पद्धतींचे आकडे बरेच जवळ येतात. पिरॅमिड दाबला की चौकोनी ठसा उमटतो. त्याचे दोन्ही कर्ण सूक्ष्मदर्शकाने मोजून त्यांची सरासरी घेतात आणि त्यावरून अंक काढतात.

या आकाराचा एक मोठा गुण आहे. गोळी जसजशी आत जाते तसतसा तिच्या खळग्याचा आकार बदलतो. पिरॅमिडचा ठसा मात्र लहान असो वा मोठा, एकाच घडणीचा राहतो. त्यामुळे भार कमी केला तरी एकसंध धातूसाठी आकडा फारसा बदलत नाही. मऊ शिशापासून अतिकठीण पोलादापर्यंत एकच मोजपट्टी चालते. शुद्ध सोन्याचा व्हिकर्स अंक २५च्या आसपास असतो, पाणी दिलेल्या कानशीचा ७००च्या वर. अगदी हलका भार घेऊन केसाहून बारीक ठसाही उमटवता येतो आणि त्यामुळे पातळ पत्रा, मुलामा किंवा पृष्ठभागावरचा पातळ थर तपासता येतो.

पुन्हा पिनांकडे

आता अण्णांच्या पिनेत काय होते ते पाहू. सबंध पिन कठीण केली तर ती धक्क्याने मोडते. सबंध मऊ ठेवली तर घासून झिजते. म्हणून मऊ, चिवट पोलादाची पिन घडवून ती कार्बनयुक्त वातावरणात सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवितात. कार्बन हळूहळू पृष्ठभागात मुरतो. मग पिनेला पाणी दिले की कार्बन मुरलेला बाहेरचा थर कठीण होतो आणि गाभा चिवट राहतो. कारखान्यात याला 'केस हार्डनिंग' म्हणतात. अण्णांच्या पिनेवर असा ०.३ मिलीमीटरचा थर मागितलेला होता.

तळ्याचे पाणी आटले की गाळावर वाळलेली पापडी धरते. त्या पापडीवरून बगळा सहज चालत जातो, पण माणसाने पाय ठेवला की पाय खाली गाळात रुततो. पापडी खोटी नसते. ती बगळ्याला पेलते, माणसाला पेलत नाही. खाली काय आहे ते वजनदार पायालाच जाणवते.

ग्राहकाचे यंत्र रॉकवेलचे होते. १५० किलोंचा पाय. कठीण टोक धातूत जितके खोल उतरते, त्याच्या सुमारे दहापट खोलीपर्यंतचा धातू त्याचा दाब सोसत असतो. म्हणून तपासावयाच्या थराची जाडी टोक उतरते त्या खोलीच्या किमान दहापट असावी, असा नियम आहे. ६० आकड्यासाठी खोली ०.०८ मिलीमीटर, म्हणजे थर किमान ०.८ मिलीमीटर हवा. पिनेवर तो ०.३ होता. टोकाच्या दाबाखाली कठीण थर खालच्या मऊ गाभ्यात दबत होता आणि यंत्र थर व गाभा यांचा मिळून एक आकडा सांगत होते.

मुलाने ज्या प्रयोगशाळेत तपासणी करविली होती, तेथे व्हिकर्सची पद्धत आणि १ किलो भार वापरला होता. व्हिकर्स अंक ७०० आला होता आणि तक्त्यावरून तो ६० एचआरसी असा बदलून प्रमाणपत्रावर लिहिला होता. १ किलो भाराचा हा ठसा जेमतेम ०.००७ मिलीमीटर खोल असतो. त्याची दहापट घेतली तरी ०.०७. दाब थराच्या आतच राहिला. बगळा पापडीवरून चालून गेला.

दोन्ही आकडे खरे होते. त्यांनी निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे दिली होती, एवढेच.

मी दोघांना एका तटस्थ प्रयोगशाळेत घेऊन गेलो. तेथे दोन पिना आडव्या कापल्या, राळेत बसवून आरशासारख्या घासल्या आणि कडेपासून गाभ्याकडे व्हिकर्सचे लहान लहान ठसे ओळीने उमटविले. सूक्ष्मदर्शकात अण्णांनी स्वतः पाहिले. कडेजवळचे ठसे चिमुकले. आत जावे तसतसे ते मोठे होत गेले. कडेजवळ आकडा ७००च्या घरात, गाभ्यात ३००च्या आसपास. आणि ज्या ५५० अंकापाशी कठीण थर संपला असे मानण्याचा प्रघात आहे, तो अंक ०.३ मिलीमीटरच्या जवळपास येत होता. माल नकाशाबरहुकूम होता.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या मुलाकडे वळून म्हणाले, "बाळ, तुझ्या वडिलांचे नाव मी उगाच मध्ये आणले."

मुलगा म्हणाला, "अण्णा, प्रमाणपत्रावर पद्धत आणि भार लिहायला हवा होता. ती चूक माझीच."

खाते चालू राहिले. परंतु येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ती पिन मागात केवळ घासली जाते, तिच्यावर जड दाब येत नाही; म्हणून पातळ थर तिला पुरतो. तीच पिन जड दाब सोसणाऱ्या जागी बसवायची असती, तर रॉकवेलच्या ४७ आकड्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरले असते; कारण वापरातही तिच्यावर माणसाचाच पाय पडणार होता. वस्तूला प्रत्यक्ष कामात जे सोसावे लागणार, त्याच्याशी जुळणारी परीक्षा निवडणे हेच खरे कौशल्य.

कठीण, चिवट आणि शुद्ध

कठिनतेचा आकडा हाती आला की त्याच्याकडून भलत्याच गोष्टीची ग्वाही घेण्याचा मोह होतो. हिऱ्याचेच उदाहरण घ्या. खरा हिरा ऐरणीवर घणाखालीही फुटत नाही, ही समजूत फार जुनी आहे. रोमन लेखक प्लिनी यांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तसे लिहून ठेवले. संत तुकारामांच्या अभंगातही ऐरणीवरच्या हिऱ्याचा दाखला येतो; तो अर्थातच माणसाच्या कसोटीविषयी आहे आणि त्या अर्थाने सार्थ आहे. प्रत्यक्ष रत्न मात्र कोणी ऐरणीवर ठेवू नये. हिऱ्यावर ओरखडा काढणे जवळजवळ अशक्य, पण त्याच्या स्फटिकात चार दिशांनी फाटण्याच्या पातळ्या असतात. त्या दिशेने बसलेला नेमका घाव त्याला दुभंगतो, आणि कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या याच गुणाचा उपयोग करून मोठे खडे फोडले आहेत. कठीण असणे निराळे, चिवट असणे निराळे. चाचणीच्या यंत्रातील हिऱ्याचे टोकही आदळले तर टवका उडतो. आणि टवका उडालेले टोक दिवसभर बिनबोभाट चुकीचे आकडे देत राहते. म्हणून जाणते तंत्रज्ञ सकाळी प्रथम ठाऊक कठिनतेच्या ठोकळ्यावर यंत्र पडताळून घेतात, जसा सचोटीचा दुकानदार दुकान उघडल्यावर तराजूचा काटा पाहतो.

सोन्याची गोष्ट निराळी. सराफ कसोटीच्या दगडावर सोने ओढतो तेव्हा तो कठिनता पाहत नाही. रेघेच्या रंगावरून शुद्धता पाहतो. शुद्ध सोने इतके मऊ असते की नित्य वापराच्या बांगड्या त्याच्या केल्या तर लवकर चेपतात. तांबे आणि चांदी मिसळल्यावर ते शुद्धतेत कमी आणि कठिनतेत अधिक होते. हॉलमार्कवरील ९१६ हा आकडा शुद्धतेचा आहे; बांगडी किती टिकेल याचे उत्तर त्याच्याकडे मागू नये.

तांबट आळीतील कारागिरांना याहून एक सूक्ष्म गोष्ट पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. घडविलेल्या तांब्याच्या भांड्यावर ते हातोडीचे एकसारखे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांडे शोभिवंत दिसते, तसेच ठोक्यांनी तांबे कठीणही होते. धातूत काहीही मिसळले नाही, तरी कठिनता वाढली. कठिनता मोजताना आधीच्या खळग्याला चिकटून दुसरा खळगा का घेत नाहीत, याचे कारण हेच. पहिल्या दाबाने आजूबाजूचा धातू ठोकल्यासारखा कठीण झालेला असतो आणि दुसरा आकडा फुगून येतो.

व्यवहारात काय पाळावे

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे लोखंड, हार्डवेअर, भांडी, सुटे भाग, दागिने यांचा व्यापार करतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी येथे मांडतो.

मागणीपत्रावर कठिनतेचा नुसता आकडा लिहू नये. पद्धत आणि भारही लिहावा. '७०० एचव्ही १' असे लिहिले की वाचणाऱ्यास कळते : व्हिकर्स पद्धत, १ किलो भार. '६० एचआरसी' म्हणजे रॉकवेल, सी-माप. भारतीय मानक ब्युरोची यासाठी स्वतंत्र मानके आहेत : ब्रिनेलसाठी आयएस १५००, व्हिकर्ससाठी आयएस १५०१ आणि रॉकवेलसाठी आयएस १५८६. मागणीपत्रात मानकाचा क्रमांक लिहिला की पुढचे अर्धे वाद मुळातच उद्भवत नाहीत.

एका मापाचा आकडा तक्त्यावरून दुसऱ्या मापात बदलून घेता येतो, परंतु तो अंदाज असतो. निरनिराळ्या धातूंसाठी निरनिराळे तक्ते असतात. ज्या मापात मागितले त्याच मापात तपासावे. ते शक्य नसेल तर आकडा तक्त्यावरून बदललेला आहे हे प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहावे.

पातळ वस्तू किंवा पातळ थर असेल तर जाडी आधी सांगावी आणि भार त्यानुसार ठरवावा. वस्तूच्या कोणत्या जागी तपासणी करायची तेही नकाशावर दाखवावे, कारण एकाच वस्तूची कड आणि गाभा यांचे आकडे वेगळे असू शकतात.

आणि शेवटची गोष्ट. दोन आकडे जुळले नाहीत तर समोरच्याला खोटे ठरविण्यापूर्वी त्याला विचारावे, "आपण कसे मोजलेत?" या एका प्रश्नाला फारसा वेळ लागत नाही. अण्णांनी आणि त्या मुलाने तो एकमेकांना विचारला असता, तर महिनाभराचा मनस्ताप वाचला असता.

आजोबांचे गुळाचे दुकान आता नाही. परंतु हाती एखादे चाचणी-प्रमाणपत्र आले की मी आकड्याआधी त्याखालची बारीक अक्षरे वाचतो. अंगठा कोणाचा होता ते तेथे लिहिलेले असते.

पुढील लेखांकात तराजू आणि वजनांच्या पडताळणीविषयी पाहू.